अळंबीची कॉफी आणि उपडा कप

हौकिमाकी,
मार्च संपत आला, बर्फ संपत नाही

तीर्थरूप केर्त्तु आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (डाव्याला थोडा जास्त) माझा वाकून नमस्कार. इकडे मी, मांजर आणि घराचं छप्पर, तिघंही अजून आपापल्या जागी आहोत. तुझी खुशाली कळवावी असं पुढे लिहायचा रिवाज आहे, पण ती मला कळलेली आहे. मागच्या रविवारी फोनवर मी तुला "कशी आहेस?" असं विचारलं आणि तू "ताजी मासळी कुठली गं, इथे स्वीडनमध्ये सगळी बर्फातलीच मिळते" असं उत्तर दिलंस. त्यावरून कानातलं यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलंय आणि तोंडाची चव शाबूत आहे, हे दोन्ही समजलं. म्हणून हे पत्र. कागद ओरडून वाचावा लागत नाही, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

सुरुवात छातीपासून करते. हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या छातीत धडधड सुरू झाली. माझ्या वयाच्या बाईच्या छातीत धडधड झाली की तिच्यामागे पुरुष नसतो, कॉफी असते (पुरुष असता तर इतक्या नेमाने झाली नसती). आरोग्य केंद्रात हल्ली एक तरुण डॉक्टरीण आली आहे. तिनं विचारलं, दिवसाला किती कप? मी विचारलं, जेवणाआधीचे की एकूण? ती टाइप करायची थांबली. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, अर्ध्यावर आणा. जशी काही कॉफी म्हणजे रेडिओचा आवाज, बटण फिरवलं की झालं. आपल्या गावात कॉफी अर्ध्यावर आणायची म्हणजे अर्ध्या लोकांशी बोलणं सोडायचं, हे त्या पोरीला कोण सांगणार? ती हेलसिंकीची आहे.

तशा मनःस्थितीत मी तालुक्याच्या बाजारात गेले, आणि माणसाची मनःस्थिती तशी असली की बाजारात बरोबर तसाच विक्रेता उभा असतो. हा दाढीवाला होता, तापलेल्या मंडपात लोकरीची टोपी घालून. समोर डबे. डब्यावर भूर्जाच्या झाडाचं चित्र आणि खोडावर पाकुरी, तीच ती जळक्या कोळशासारखी काळी गाठ, जिला आपण लहानपणी झाडाचा चामखीळ म्हणायचो. हीसुद्धा अळंबीच असते म्हणे. तिची भुकटी खऱ्या कॉफीत मिसळली की ती अळंबीची कॉफी. मी म्हटलं, अरे बाबा, युद्धात कॉफी मिळेना म्हणून आमच्या आज्या हेच उकळून प्यायच्या आणि नाक मुरडायच्या. तो म्हणाला, बघा, म्हणजे परंपरा आहे! आत्या, विकणाऱ्याच्या तोंडी लागू नये. आपण शिवी दिली तरी तो तिचं लेबल करतो.

डब्यावर फायदे लिहिले होते. प्रतिकारशक्ती वाढवायला मदत करू शकते. मन एकाग्र व्हायला मदत करू शकते. झोप, पोट, त्वचा, सगळ्याला मदत करू शकते. "करू शकते" हे क्रियापद मला चांगलं ओळखीचं आहे. पेंत्तीही माझ्याशी लग्न करू शकत होता. बरीच वर्षं करू शकत होता. शेवटी क्वोपियोच्या एका दंतवैद्य बाईशी केलं. (तुला तो आवडला नव्हता. तू तेव्हाच सांगितलं असतंस तर! पण तू पडलीस आपल्या सावो प्रांताची. आपल्याकडे तोंड उघडणाऱ्यानं काहीही म्हणावं, अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्याची.) एवढा अनुभव गाठीशी असून मी डबा घेतला.

आता चवीबद्दल. मला न्यायानं बोलायचंय. पहिल्या घोटाला सॉनाच्या फळीखालचा वास आला. दुसऱ्या घोटाला तळघरातले जुने रबरी बूट आठवले, त्यात कोणीतरी मायेनं व्हॅनिला टाकलेला. तिसऱ्या घोटाला मात्र मागे कुठेतरी दूर कॉफी भेटली, गाडी सुटल्यावर फलाटावर ओळखीचं माणूस दिसावं तशी. आठवडाभरात जिभेला सवय झाली. महिनाभरात धडधडही कमी झाली. मी विजयी मुद्रेनं डॉक्टरणीकडे गेले आणि डबा तिच्या टेबलावर ठेवला. तिनं डबा उलटा करून वाचला आणि म्हणाली, यात कॉफी निम्मीच आहे ना? मग मी सांगितलेलंच केलंत तुम्ही, फक्त वास सोसून. एकाग्रतेचं म्हणशील तर त्या दिवशी मी परत येताना मांजराचं खाणं सोडून सगळं आणलं. झोप लागते, पण ती मला कायमच लागते. त्वचेबद्दल मांजरानं काही म्हटलेलं नाही.

इथे थांबले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण नुकतीच दारू सोडलेला माणूस जसा भेटेल त्याला उपदेश करत सुटतो, तशी मी झाले. आणि माझ्या घरात भेटणारा माणूस एकच, निलोकाका येस्कानेन.

तुला ते आठवत असतील ते टेकडीपलीकडच्या करेलियावाल्यांचं शेंडेफळ म्हणून. आता तेही ऐंशीला टेकलेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ऑस्ट्रेलियाला. रोज सकाळी रस्त्यावरच्या टपालपेटीतून पेपर घेतात आणि आपल्या घरी येतात. दार वाजवत नाहीत. टोपी खुंटीला, आणि दाराजवळच्या बाकावर बसतात. मी म्हणते, या ना टेबलापाशी. ते म्हणतात, नको गं पोरी, लगेच निघायचंय. हे झालं की टेबलापाशी येतात आणि तासभर बसतात. कॉफी बशीत ओतून, साखरेचा खडा दातांत धरून पितात आणि त्या खड्याच्या आडून बोलत राहतात. करेलियाची माणसं ती! आपल्या गावात जेवढं बोलणं वर्षभरात होतं तेवढं निलोकाका एका बशीत करतात. दुसरा कप कधी विचारावा लागला नाही. कप आपोआप किटलीकडे सरकतो. पुरे झालं की कप बशीवर उपडा. दुसऱ्या कपाआधी तो कप उपडा झालेला मी माझ्या जन्मात पाहिला नव्हता.

तर त्या दिवशी मी त्यांना अळंबीची कॉफी दिली. चोरून नाही हो, चांगला डबा समोर ठेवून, भाषण देऊन. तुमचा रक्तदाब, तुमचं वय, तुमची झोप. त्यांनी चष्मा लावून डब्यावरचं चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आणि नेहमीची संपली वाटतं?"

मी म्हटलं, "छे हो! डबा भरलाय. पण ती खरी आता पाहुण्यांसाठी ठेवलीय."

आत्या, मला काय म्हणायचं होतं ते तुला कळलं असेल. तुम्ही थोडेच पाहुणे आहात, तुम्ही घरचे, जे मी पिते ते तुम्ही प्या, एवढंच. उलट मला वाटलं, किती मोठी गोष्ट आपण किती सहज बोलून गेलो! (आपल्या घराण्यात एवढी माया याआधी कोणी मोठ्यानं बोलून दाखवली असेल असं मला वाटत नाही. आता कळतंय, बरोबरच केलं त्यांनी.) निलोकाकांनी बशीत न ओतता कप सरळ तोंडाला लावला. साखर घेतली नाही. संपवला, उपडा केला, "बरी आहे" म्हणाले, टोपी घेतली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी टपालपेटीपाशी दिसले. मी खिडकीतून हात केला, त्यांनी टोपीला हात लावला आणि पुढे गेले. मला वाटलं, चव. एवढी जहाल होती का? मी गंमत म्हणून दुधाची साय घालून पाहिली, वेलदोड्याचा गोड पाव भाजला, वास रस्त्यापर्यंत जावा म्हणून त्या थंडीत खिडकी उघडी टाकली. वासाला मांजर आलं. शेवटी मी जे कधी केलं नव्हतं ते केलं: करेलियाच्या कचोऱ्या केल्या. राय धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भात, आणि कडेला चुण्या. सावोच्या बाईनं त्या चुण्या घालू नयेत असा कायदा हवा. ताट त्यांच्या पायरीवर ठेवून आले. संध्याकाळी ताट माझ्या पायरीवर होतं. घासलेलं, पुसलेलं, आणि रिकामं.

तेव्हा मी घाबरले. करेलियाचं माणूस एकवेळ उपाशी राहील, पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करणार नाही. त्यात मूठभर मीठ घालेल, एक कांदा ठेवेल, काहीच नसलं तर घरातली एखादी गोष्ट सांगून भरेल. हे मला निलोकाकांनीच शिकवलेलं.

म्हणून रविवारी मीच गेले टेकडीपलीकडे. दार वाजवलं (आयुष्यात पहिल्यांदा). आतून आवाज आला, "या, या." आदरार्थी! मी मागे वळून बघितलं, माझ्याबरोबर आणखी कोणी आलंय का. कोणी नव्हतं. मी सवयीनं दाराजवळच्या बाकावर टेकले तर म्हणाले, "तिथे नका बसू विर्पीबाई, आपण टेबलापाशी बसा." आत्या, या माणसानं मला कडेवर घेऊन गायी दाखवल्यात. माझ्या नाकातली शेंबडाची पहिली गोगलगाय यांच्या सदऱ्याला पुसली गेली असेल. आणि आता विर्पीबाई! टेबलावर इस्त्रीचा रुमाल. मी नेहमी ज्या टवका उडालेल्या मगमधून प्यायचे तो दिसेना. त्याच्या जागी सोनेरी कडेचे कप, जे फक्त त्यांच्या बायकोच्या दिवसांना बाहेर निघाले होते. साखरेला चिमटा. आणि कॉफी खरी. इतकी खरी की माझी छाती वासानंच धडधडायला लागली.

आम्ही हवेबद्दल बोललो. तळ्यावरच्या बर्फाबद्दल बोललो. मग एका हरणाबद्दल बोललो (कुणाच्या तरी कुंपणात शिरलेलं). हरीण संपलं तेव्हा माझ्याकडे काही उरलं नाही. मी म्हटलं, "काका, ती अळंबीची इतकी वाईट होती का?"

"नाही हो. बरी होती."

"मग?"

ते चिमट्यानं साखरेचा एक खडा उचलून दुसऱ्यावर रचत राहिले. मग म्हणाले, "आमची आई या गावात पहिला हिवाळा आपल्याकडे राहिली होती. आपल्याला माहीत असेलच."

माहीत होतं. युद्धानंतर करेलिया सीमेपलीकडे रशियात गेली आणि तिथली माणसं गाईगुरांसकट इकडे आली, घराघरांत वाटून दिली गेली, आणि येस्कानेन आपल्या मागच्या खोलीत होते, एवढं माहीत होतं.

"वाईट नाही वागवलं हो आपल्या आजींनी. चूल दिली, बटाटे दिले, गाईला गोठ्यात जागा दिली. सकाळी आई त्या दाराजवळच्या बाकावर बसायची, तेव्हा आजी काळ्या गाठीचा काढा ओतायच्या. काढ्याचं आईला काही नव्हतं. युद्धात सगळेच प्यायचे, आमच्याकडेही. पण कोठीच्या दाराआडून वास यायचा. कॉफीचा. एक दिवस आईनं नुसती मान वळवली तिकडे. मागितलं काही नाही. मान वळली, झालं. मी तेव्हा तिच्या पोटात." इथे ते हसले आणि मनगटानं डोळे पुसले. त्यांची माणसं दोन्ही एकदम करतात, आपल्याला एकही धड जमत नाही. "तर आजी म्हणाल्या, खरी पाहुण्यांसाठी ठेवलीय."

आत्या, तेच घर. तोच बाक. आणि शब्दही तेच. मी काही वारसा म्हणून शिकले नव्हते ते. पण आपल्या घरातून ते बाहेर पडले, जसा जुन्या खुंटीवरून जुना कोट पडावा तसे. ज्या माणसाला मी घरचा म्हणायला गेले, त्याला मी नेमकं त्या बाकावर नेऊन बसवलं.

तेव्हा मी काय बोलायला हवं होतं याची मला आता निदान सहा वाक्यं सुचतात, एकाहून एक सरस. तिथे मी काय बोलले माहीत आहे? "कॉफी छान आहे." ते म्हणाले, "घ्या ना आणखी." माझा हात आपोआप कप उपडा करून बसला. मला वाटलं, माझ्यासारखीला दुसरा कप कसला? त्यांना वाटलं असणार, बघा, आता आमची कॉफीही चालेना. आणि मी घरी आले. सगळ्या वाटेनं मी स्वतःला शिव्या दिल्या, सावोच्या बोलीत, म्हणजे त्यांचा अर्थ लावायची जबाबदारीही माझ्यावरच आली.

त्यानंतर छाती पुन्हा धडधडते. डब्यावर मनस्तापाचं काही लिहिलेलं नाही. "मदत करू शकते" असंसुद्धा नाही. सकाळी टपालाच्या वेळेला मी किटली ठेवते, खरीची, आणि ती थंड होते. चव घेऊन फायदे तोलणारी मी मोठी! एक घरचा माणूस घालवून रक्तदाब किती उतरतो याचा हिशेब दाढीवाल्याच्या डब्यावर नव्हता, आणि मी विचारला नव्हता.

तर आत्या, विचारायचं ते हे. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस, त्याच घरात होतीस. कोठीत खरंच कॉफी होती का? मला एकदा असंही वाटून गेलं, की नसेलच. जुन्या डब्याच्या तळाचा वास असेल, आणि आपल्याकडेही काही उरलं नाही हे परक्या बाईसमोर कबूल करायची लाज वाटून तुझी आई तसं म्हणाली असेल. आपल्या घराण्याला शोभेल असं आहे ते. तसं असलं तर ते निलोकाकांना सांगता येईल. गरिबी सांगता येते. माझी उडी यापलीकडे जात नाही.

गुडघ्यांना जप, जिना उतरताना कठड्याला धर, आणि यंत्र कानात घाल. ड्रॉवरला ऐकू येऊन काय उपयोग?

तुझीच, कॉफीवाचून अर्धी झालेली,
विर्पी

ता. क. कोठीत कॉफी होती असं तुला नक्की आठवत असेल, तर कृपा करून दोन पत्रं लिही. एक माझ्यासाठी खरं, आणि एक निलोकाकांना वाचून दाखवण्यासाठी, ज्यात डबा रिकामा असेल. दुसऱ्यात अक्षर जरा थरथरतं काढ. विश्वास बसेल.

ता. क. २. वरचा ताजा कलम खोडला आहे असं समज. (खरोखर खोडायला गेले तर पानाला भोक पडायला लागलं.) पाकीट बंद करत होते तेवढ्यात दार उघडलं. वाजवल्याशिवाय. निलोकाका आत आले, टोपी खुंटीला, बाकावर बसले आणि म्हणाले, "तुझी टपालपेटी बर्फ हटवणाऱ्या गाडीनं आडवी केली होती."

आत्या, "तुझी"!

मी म्हटलं, "मग?"

"मग काय, उभी केली." आणि रुमालात बांधलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. कचोऱ्या. "चुण्या अशा घालतात. तू घातल्या होत्यास त्या बुटाच्या नाड्या होत्या."

मी धावत कपाटाकडे गेले, खऱ्या कॉफीचा डबा काढला, घाईत अर्धी भुकटी मांजरावर. मागून आवाज आला, "ती ठेव. ती पाहुण्यांची ना? मला ती चामखिळाची दे."

दिली. बशीत ओतली, दातांत साखर धरली, घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला आरोग्य केंद्राला फोन करावासा वाटला. संपवली. आणि कप किटलीकडे सरकवला. दुसरा कप, आत्या! तोही त्याच चेहऱ्यानं प्याले. आता हा माणूस रोज हीच मागणार, मला रोज हीच प्यावी लागणार, आणि आम्हा दोघांपैकी कोणालाही ती आवडत नाही. आरोग्य म्हणतात ते हेच असावं.

मी धीर करून सांगितलं, आत्याला लिहिलंय, कोठीतल्या डब्याबद्दल. ते म्हणाले, "त्यात विचारायचंय काय? भरलेला होता. गोष्ट मी पुरती सांगितली कुठे? तू कप उपडा करून पळालीस." आणि मग उरलेली सांगितली. आजी गोठ्यात गेल्या तेव्हा घरातली पोरगी कोठीतून आली आणि तिनं आईच्या मांडीवर आपला हातमोजा ठेवला. मोज्यात मूठभर कॉफीचे दाणे. आईनं ते दळले नाहीत, वास सुटला असता. एकेक करून चघळले. निलोकाका पोटात दिवसभर असे नाचले की आईला वाटलं आजच येतोय. मोजा रिकामा परत करायचा नव्हता, पण त्यांच्याकडे त्यात घालायला काहीच नव्हतं. म्हणून आईनं त्याच्या अंगठ्याचं भोक रफू करून दिलं, स्वतःच्या शालीची लाल लोकर काढून. पोरीचं नाव आईला पुढे आठवेना.

आपल्या घरात तेव्हा पोरगी एकच होती.

ता. क. ३. मुद्दा राहिलाच. तू जूनमध्ये इकडे ये. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. बोटीवर चाकाची खुर्ची मिळते आणि धक्क्यावर निलोकाका गाडी घेऊन येतो म्हणतात (चालवेन मी). तुला कुठली कॉफी द्यायची यावरून आत्ताच आमचं भांडण चाललंय. ते म्हणतात खरी, सोनेरी कडेच्या कपातून. मी म्हणते चामखिळाची, तू काय पाहुणी आहेस? निकाल तू येऊन लाव. आणि तो हातमोजा अजून कुठल्या ट्रंकेत असेल तर घालून ये. जून असला तरी.